मुंबईच्या खडपात अनोळखी मासा दिसला, तर त्याची नोंद कशी करायची

ससून डॉकवर पहाटे पाचला कोळंबीच्या ढिगाशेजारी एक मासा पडला होता. तळहाताएवढा, चपटा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि पाठीवरून शेपटीच्याही मागे लोंबणारी पांढरी दोरी. खडकाळ प्रवाळात राहणारा हेनिओकस. मी मनातल्या मनात मथळासुद्धा लिहून टाकला: मुंबईच्या किनाऱ्यावर अमुक प्रजातीची नोंद. टोपलीवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, हा कुठं गावला?" त्या कोळंबीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "माना काय ठाव? तांडेलाला ईचार."

तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, सापडेपर्यंत अर्धा तास गेला. तो म्हणाला, बोट अकरा दिवस बाहेर होती आणि शेवटची जाळी देवगडच्या खाली, तीस वाव खोल पाण्यात टाकली होती. म्हणजे मासा सिंधुदुर्गातला, मुंबईत फक्त उतरला. तो अर्धा तास वाचवला असता, तर मी एक धडधडीत खोटी नोंद करून मोकळा झालो असतो.

एखादी प्रजाती नव्या भागात सापडली असं म्हणताना आपण दोन दावे करत असतो: मासा हाच, आणि जागा हीच. बहुतेक सगळे पहिल्या दाव्यावर घाम गाळतात, पट्टे मोजतात, पुस्तकं उघडतात, आणि जागेच्या रकान्यात नुसतं 'मुंबई' लिहितात. या लेखात मासा ओळखण्याइतकीच जागा ओळखण्यावरही मेहनत आहे.

आधी घरातलं काम

मुंबईला लक्षद्वीपसारखी प्रवाळाची भिंत नाही. आपल्याकडे आहे तो काळ्या बेसॉल्टचा खडप: वांद्र्याचं बँडस्टँड, कार्टर रोड, हाजी अली, वरळी, ब्रीच कँडी, कुलाब्याची टोकं. त्यावर मधूनमधून प्रवाळाच्या छोट्या वसाहती. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली हाजी अली आणि वरळीचे काही प्रवाळ उचलून दुसरीकडे हलवले, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की इथं प्रवाळ आहेत. प्रवाळातल्या माशांना आडोसा, भेगा आणि कठीण तळ लागतो. तो खडप देतो, आणि मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉडही देतात.

तुमच्या मनात जी प्रजाती आहे, तिची सर्वांत जवळची खात्रीशीर नोंद कुठली ते आधी शोधा. उत्तरेला कच्छच्या आखाताकडे बघा. दक्षिणेला मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, आणि पश्चिमेला खुल्या समुद्रात विजयदुर्गसमोरचा आंग्रे बँक हा पाण्याखालचा प्रवाळी उंचवटा. मालवण आणि कच्छ दोन्हीकडे असलेला मासा मुंबईत नोंदलेला नसेल, तर बऱ्याचदा इथं कोणी पाहिलेलंच नसतं. आपलं पाणी गढूळ, त्यामुळे इथं बुडी मारून मासे बघणारे जवळपास नाहीतच. अशी नोंद म्हणजे मधली पोकळी भरणं. तिलाही किंमत आहे, पण मासा उत्तरेकडे सरकतोय असं त्यावरून म्हणता येत नाही.

शोधायला फिशबेस, कॅलिफोर्निया अकॅडमीचा माशांच्या नावांचा कॅटलॉग आणि जीबीआयएफ हा जगभरच्या जीवनोंदींचा साठा ही तीन ठिकाणं फुकट आहेत. दोन खड्डे मात्र माहीत असू द्या. संकेतस्थळावरचा रंगीत नकाशा पुष्कळदा संगणकाने तापमान-खोलीवरून काढलेला अंदाज असतो. मुंबईवर लाल रंग दिसला म्हणजे मासा इथं सापडलाय असं नाही. दुसरा खड्डा नावांचा. ज्या पट्टेवाल्या माशाला आज आबूडेफडफ बेंगालेन्सिस म्हणतात, त्याचं वर्णन ब्लॉकने १७८७ साली कीटोडॉन बेंगालेन्सिस म्हणून केलं होतं. आजच्या नावाने शोधलं आणि काही मिळालं नाही, म्हणून 'पहिली नोंद' म्हणू नका. कॅटलॉगमधून सगळी जुनी नावं काढा आणि एकेक घेऊन शोधा. फ्रान्सिस डे यांचं भारतातल्या माशांवरचं काम १८७५ ते १८७८ मधलं. तिथंही जुन्याच नावाने बघावं लागतं.

जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर 'बॉम्बे' असेल तर थांबा. ते शहर, बंदर, की आख्खा मुंबई इलाखा? दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखाच टोपलीतला मासा उचलून बरणीत घातला असेल आणि तांडेलाला विचारलं नसेल.

तिथी बघून निघा

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण कोळीवाड्यातला हिशोब पाठ असलेला बरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास मागे-पुढे सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मिनिटांचा फरक पडतो, पण घरून कधी निघायचं ते कळतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, त्यामुळे खडपाचा खालचा पट्टा उघडाच पडत नाही. आपल्याला हवं उधाण: पौर्णिमा किंवा अमावास्या, आणि पुढचे तीन-चार दिवस. उधाणात मुंबईला पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त खालीही जातं. तक्त्यात सुकतीची उंची अर्ध्या मीटरच्या खाली दिसली तर तो दिवस सोडू नका.

सुकतीच्या दीड तास आधी पोहोचा आणि पाणी उतरेल तसे खाली उतरत जा. पाणी वळलं की खालची कड लगेच सोडायची. बँडस्टँड आणि हाजी अलीला पाणी समोरून येत नाही, मागच्या सखल घळीतून वळसा घालून येतं. तुम्ही डबक्यात वाकलेले असता आणि परतीची वाट बुडालेली असते. एकट्याने जाऊ नका. पावसाळ्यात तर नकोच.

पायात जाड तळाचे, पकड असलेले बूट. चप्पल घालून खडपावर गेलेल्या माणसाला कालवं कशी कापतात ते एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही. भेगेत उघडा हात घालू नका. शिंगाळ्याच्या जातीचे किंवा विंचूमाशाचे काटे लागले, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

डबक्यातला मासा आणि वरून काढलेले चाळीस फोटो

माझी पहिली 'नोंद' बँडस्टँडच्या एका डबक्यातली. अंगठ्याएवढे तीन मासे, पिवळसर पाठ, काळे उभे पट्टे. मी वाकून, गुडघ्यावर बसून, जवळजवळ पालथा पडून चाळीस फोटो काढले. घरी येऊन बघतो तर सगळे वरून काढलेले. पाठ दिसते, पट्ट्यांची टोकं दिसतात, शेपटी एकाही फोटोत नीट नाही. आणि या माशांत सगळं भांडण शेपटीवरच असतं. ती नोंद आजही 'आबूडेफडफ, प्रजाती ठरलेली नाही' अशी पडून आहे.

म्हणून फोटोची काचपेटी बनवून घ्या. काचेच्या दुकानात चार मिलिमीटरच्या काचेचे तुकडे कापून मिळतात. वीस सेंटिमीटर लांब, पंधरा उंच, आणि रुंदी फक्त सहा-सात. सिलिकॉनने चिकटवून दोन दिवस वाळू द्या आणि एकदा पाणी भरून गळते का बघा. एक सुटी काच वेगळी ठेवा, मासा आत सोडल्यावर ती मागून सरकवायची, म्हणजे मासा पुढच्या काचेला समांतर उभा राहतो आणि त्याला वळता येत नाही. मागे करडं कापड लावा. पांढऱ्या कापडावर पांढरे पर हरवतात आणि काळ्यावर काळे. पेटीच्या खालच्या कडेला मिलिमीटरची पट्टी चिकटवून टाका, दर वेळी आठवण ठेवायला नको.

पेटीत पाणी त्याच डबक्यातलं. मासा जाळीने घासून पकडण्याऐवजी पारदर्शक डब्याने हळूच कोपऱ्यात घेऊन उचला. पेटीत तो पाच मिनिटं, जास्तीत जास्त दहा, तीही सावलीत. एवढ्याशा पाण्याला उन्हात तापायला वेळ लागत नाही. मग त्याच डबक्यात परत. दगड उलटवला असेल तर होता तसाच पालथा घाला, त्याच्या पोटाखाली राहणारे जीव उघड्यावर पडले तर मरतात.

फोटोंचा क्रम मी ठरवून ठेवलाय. सर्वांत आधी डाव्या बाजूने पूर्ण मासा, तोंड फोटोच्या डाव्या हाताला. माशांच्या चित्रांची ही जुनी रीत आहे आणि तुलना करायला सोपं पडतं. मग शेपटी, पर पूर्ण उघडेपर्यंत वाट बघून. मग पाठीवरचा पर, तो उभा असताना. मग पोटामागचा गुदपर, डोकं आणि गाल. शेवटी डबकं, आणि त्यानंतर उभं राहून सगळा परिसर, ज्यात एखादी ओळखू येणारी इमारत किंवा धक्का दिसेल. हा शेवटचा फोटो लोक काढत नाहीत. जागेच्या दाव्याला तोच साक्षीदार असतो. मोबाइलचं घड्याळ आणि लोकेशन चालू आहे ना, ते निघतानाच बघा. मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून तारीख आणि जागा दोन्ही गळून पडतात.

वहीत, तिथल्या तिथे, पेन्सिलने: तारीख, वेळ, सुकतीची वेळ आणि उंची, डबक्याची लांबी-रुंदी-खोली, तळ कसला, पाण्याचं तापमान, मासे किती, किती मोठे, कुणाबरोबर होते. अक्षांश-रेखांश दशांशात आणि चार अंकांपर्यंत. चौथ्या अंकाला चूक अकरा मीटरची, दुसऱ्या अंकावर थांबलात तर किलोमीटरभराची. बँडस्टँडला किलोमीटरभराची चूक म्हणजे मासा एखाद्या नटाच्या बंगल्यात.

किती माणसांनी किती वेळ शोधलं तेही लिहा, आणि काही सापडलं नाही त्या दिवशीसुद्धा लिहा. पुढे 'हा मासा आधी इथं नव्हता' असं म्हणायची वेळ आली, तर या रिकाम्या पानांशिवाय दुसरा आधार नसतो.

ओळख: भावंडांना एकेक करून बाहेर काढा

'हा अमक्यासारखा दिसतो' ही ओळख नव्हे. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या प्रजातींची यादी करा आणि प्रत्येकीला कोणत्या खुणेवरून नाही म्हणता येतं ते लिहा. शेवटी एकच उरली तर नाव द्या. दोन उरल्या तर दोन्ही लिहा.

माझ्या पट्टेवाल्या माशांचंच घ्या. इंग्रजीत यांना सार्जंट मेजर म्हणतात, बाहीवरच्या पट्ट्यांमुळे. सुरुवात कुळापासून. या पोमासेंट्रिडी कुळात गुदपराला पुढे दोनच काटे असतात, तर फुलपाखरू माशांना तीन किंवा जास्त. मेलेला मासा हातात असेल तर सुईच्या टोकाने पर पुढून मागे उघडायचा. पहिला काटा इतका आखूड असतो की तो कातडीतच आहे असं वाटतं आणि माणूस एकच मोजतो. भिंगाखाली, उजेड मागून घेऊन, दोनदा मोजा. दुसऱ्या दिवशी वही न बघता तिसऱ्यांदा.

कुळ ठरलं की भावंडं. व्हायगिएन्सिसला पाच काळे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक. सेक्सफॅसिएटसलाही पाचच पट्टे, पण शेपटीच्या वरच्या आणि खालच्या पाकळीवर एकेक काळी रेघ, कात्रीच्या पात्यांसारखी. बेंगालेन्सिसला पट्टे सहा-सात, अंगाचा रंग राखाडीकडे झुकणारा आणि शेपटीच्या पाकळ्यांची टोकं गोलसर. सॉर्डिडसला पट्टे रुंद आणि शेपटीच्या देठावर वरच्या बाजूला खोगिरासारखा काळा डाग. आता कळेल की माझे चाळीस फोटो का वाया गेले. पिलांचे रंग मोठ्यांपेक्षा वेगळे असू शकतात, भ्यायलेला मासा गडद होतो, म्हणून एकट्या रंगावर नाव ठरवू नका.

त्या दोरीवाल्या हेनिओकसमध्येही हाच घोळ. अक्युमिनेटसच्या पाठीवर काटे बहुधा अकरा, डिफ्र्यूट्सच्या बहुधा बारा. हा 'बहुधा' वाचून लक्षात ठेवा की एका काट्याच्या फरकावर निकाल द्यायचा नसतो. सोबत तोंडाची लांबी, गुदपरावरचा काळा पट्टा कुठे संपतो, हे सगळं एकाच दिशेने बोट दाखवत असलं पाहिजे.

मोजमापं घेताना मानक लांबी घ्या: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत. शेपटी धरून एकूण लांबी वेगळी लिहा, कारण शेपटी तुटते. डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, अंगाची उंची ही मानक लांबीशी प्रमाणात दाखवतात. काटे रोमन आकड्यांत, मऊ किरणं साध्या आकड्यांत, आणि पार्श्वरेषेवरचे छिद्रवाले खवले. एवढं करून तज्ज्ञाला पाठवा. नाव विचारू नका. तुम्ही काय काय वगळलं आणि कशावरून, ते लिहून 'यात चूक कुठे' असं विचारा, उत्तर लवकर येतं.

धक्क्यावर विचारायचे प्रश्न

ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा, खार दांडा. धक्क्यावर कधी कधी खडपावर वर्षभरात दिसणार नाहीत असे मासे एका सकाळी दिसतात. पण एकाच धक्क्यावर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आणि बर्फातून आलेला बाहेरचाही माल उतरतो. म्हणून टोपलीवर नव्हे, बोटीवर विश्वास. कुठल्या बोटीचा, किती दिवसांची फेरी, कुठल्या जाळ्यात (डोल, ट्रॉल की गळ), किती वावात, तळ चिखलाचा की खडकाचा. एक वाव म्हणजे सहा फूट, साधारण १.८ मीटर. लहान बोटींचं बरं असतं, सकाळी जाऊन दुपारी येतात, जागा ठाऊक असते. तांडेलाच्या जीपीएसमध्ये जाळी टाकल्याच्या खुणा असतात. तो दाखवेल, पण त्याची जागा जशीच्या तशी जगजाहीर करणार नाही असा शब्द द्यावा लागतो आणि पाळावाही लागतो. प्रकाशित करताना खूण ढोबळ करा, नेमकी खूण नमुन्याबरोबर ठेवा.

लिलाव चालू असताना काहीही विचारू नका. मासा हवा असेल तर विकत घ्या, फुकट मागू नका. कालवं आणि खुबे काढायला खडपावर येणाऱ्या बायकांना माझ्या अनुभवात सर्वांत जास्त माहिती असते, कारण तीच डबकी त्या वर्षानुवर्षं बघतात. त्यांना फोटो दाखवून "हा मासा आहे का?" असं विचारलं की आदराखातर "हाय" असं उत्तर येतं. त्याऐवजी चार-पाच फोटो पुढे ठेवा, त्यात इथं कधीच नसेल असाही एक घाला, आणि कुठला कधी दिसतो ते त्यांनाच सांगू द्या. स्थानिक नाव ऐकाल तसं लिहा. हेकरू, गोबरा, तांब, केंड ही नावं एका प्रजातीला चिकटलेली नसतात, पण ती कुठल्या कोळीवाड्यात कुणासाठी वापरतात ही माहितीच आहे.

आला कसा?

मासा मिळाला, ओळखला, जागाही पक्की. तरी तो 'मुंबईचा' झाला असं नाही. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या बाजारात रंगीत मासे मिळतात, त्यात समुद्रातलेही असतात. टाकी मोठी करायला जमलं नाही किंवा घर बदललं की कुणीतरी दयेपोटी मासा चौपाटीवर सोडतं. हौशी लोक पाळतात अशीच प्रजाती, एकच मासा, शहराच्या मध्यभागातलं डबकं, फाटलेले पर: असं असेल तर ही शक्यता नोंदीत लिहायलाच हवी. बंदरात येणारी जहाजं तोल राखायला पोटात पाणी भरून आणतात, त्यातूनही जीव येतात.

नैसर्गिक वाटही आहे. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेला. प्रवाळातल्या बहुतेक माशांची अंडी किंवा पिल्लं काही आठवडे पाण्याबरोबर तरंगतात. मालवण मुंबईपासून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. तिथली पिल्लं इथं येऊन टेकणं अशक्य नाही. टेकलेली जगतील, वाढतील, अंडी घालतील हा पुढचा प्रश्न. म्हणून त्याच डबक्यात किमान वर्षभर, दर उधाणाला जा. वेगवेगळ्या आकाराचे मासे मिळाले, मोठे नर-मादी दिसले, तर वसाहत म्हणता येईल. एका पिल्लावर 'स्थिरावला' हा शब्द वापरू नका, आणि हवामानबदल हा शब्द तर अजिबात नको.

नमुना ठेवायचा का?

फोटोवर ओळख निर्विवाद होत असेल तर जिवंत मासा मारू नका. नमुना लागलाच तर धक्क्यावरचा मेलेला चालतो. कायदा मात्र आधी वाचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली प्रवाळ, समुद्रघोडे आणि त्यांचे नळीसारखे भाऊबंद, आणि राक्षसी गोबरा हे संरक्षित आहेत. मेलेला समुद्रघोडा जाळ्यात मिळाला तरी खिशात घालून घरी आणायचा नाही. फोटो काढा आणि तो तिथेच ठेवून द्या.

फॉर्मलिन आणि अल्कोहोलचं काम महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या प्रयोगशाळेतच. फॉर्मलिनने कर्करोग होऊ शकतो, स्वयंपाकघरात बाटली उघडायची वस्तू नव्हे ती. क्रम महत्त्वाचा: आधी ताज्या माशाचा फोटो, कारण रंग तासाभरात उडायला लागतो. मग पर थर्मोकोलवर टाचणीने पसरून. मग उजव्या बाजूच्या छातीच्या पराचा छोटा तुकडा किमान ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. आणि शेवटी मासा फॉर्मलिनमध्ये, बाजारात मिळतं त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. फॉर्मलिन आधी लावलंत तर डीएनएचं काम जवळपास संपलं. मोठ्या माशाला पोटावर चीर द्यायची तर उजवीकडे, डावी बाजू फोटोसाठी अखंड राहते. आठवडाभराने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलने, बाहेरची गळून पडते.

बरणी घरातल्या कपाटात ठेवली तर ती नोंद नव्हे, आठवण. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आधी पत्र लिहून विचारा, नमुना जमा करा, क्रमांक घ्या. तो क्रमांक म्हणजे कुणीही पन्नास वर्षांनी येऊन तुमचे काटे पुन्हा मोजू शकतो. नमुना किंवा त्याचा तुकडा परदेशी तज्ज्ञाला पाठवण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम तपासा.

नोंद कुठे आणि कशी लिहायची

पहिला मुक्काम आयनॅचरलिस्ट, कुणालाही फोटोसकट निसर्गनोंदी टाकता येतात असं संकेतस्थळ. मुंबईच्या किनाऱ्यावर २०१७ पासून काम करणाऱ्या मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या मंडळींनी इथल्या खडपांवरच्या हजारो नोंदी तिथं घातल्या आहेत. त्या चाळल्या तर तुमचा 'नवा' मासा कुणीतरी आधीच टाकलेला निघतो, माझ्याबाबतीत दोनदा झालंय. फोटोबरोबर वहीतला मजकूर घाला. 'संशोधन दर्जा' असा शिक्का तिथल्या लोकांच्या मतांवर बसतो, ती तपासणी उपयोगी आहे, पण तीन मित्रांनी हो म्हटलं तरी बसतो.

शास्त्रीय टिपण लिहायचं तर दोन-तीन पानं पुरतात. मासा कसा मिळाला, मोजमापं, भावंडांपासून वेगळा कशावरून, आधीची जवळची नोंद कुठली आणि तिथून अंतर किती, कसा आला असेल याच्या शक्यता. थेट 'मुंबईतली पहिली नोंद' म्हणण्याऐवजी 'आमच्या शोधात मिळालेली पहिली' म्हणा. कुठल्या नावांनी, कुठे, कधी शोधलं तेही एका वाक्यात. चार दिवसांत छापून देतो आणि पैसे पाठवा म्हणणाऱ्या नियतकालिकांना उत्तरही देऊ नका. तांडेलाचं, मावशींचं नाव त्यांना विचारून आभारात घाला. टिपण छापून आलं की त्याची प्रत धक्क्यावर नेऊन द्या. मी एकदा नेली होती. तांडेलाने फोटो बघितला, मजकूर बघितला, आणि म्हणाला की मासा बरोबर आहे, पण वाव चुकीचे लिहिलेत, तीस नाही, बत्तीस. त्याच संध्याकाळी दुरुस्तीचं पत्र पाठवलं.